अजून एक आत आहे

मोकलकाकांइतका भित्रा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कितीतरी वेळा बोलले आहे. ते कधी रागवायचे नाहीत. भित्रा आहे म्हणून तर प्रोग्राम लिहितो, शूर असतो तर ट्रेलर चालवला असता, म्हणायचे.

न्हावा शेवा बंदराच्या मागच्या अंगाला कंटेनर ठेवायची जी मोठमोठी मैदानं आहेत, त्यातल्या एका यार्डात आम्ही दोघं कामाला होतो. तिथलं बहुतेक सगळं सॉफ्टवेअर काकांच्या हातचं. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत पडलाय, कुठली गाडी कधी आली, फाटकातून कोण आत गेलं आणि कोण बाहेर पडलं, सगळं. मी पेणहून नवीनच आलेले, इंजिनियरिंगची पदवी ताजी, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. पहिल्याच सकाळी पाहिलं तर हा पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा माणूस ऑफिसच्या दारात उभा राहून ओठ हलवत होता. मला वाटलं नामस्मरण चाललंय. शेजारी बसणाऱ्याने सांगितलं, छे, माणसं मोजतायत. रोज मोजतात. येताना मोजतात, जेवून आल्यावर मोजतात, जाताना मोजतात.

कशाची भीती नव्हती त्यांना? लिफ्टची होती. कँटीनच्या सिलिंडरची होती, त्यामुळे ते कायम दाराजवळच्या टेबलावर, पाठ भिंतीला लावून जेवायचे. थळच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस, पण बांगडा खाताना काटे ताटाच्या कडेला एका ओळीत मांडायचा आणि शेवटी त्या ओळीकडे संशयाने बघत बसायचा. शुक्रवारी प्रोग्राममध्ये कसलाही बदल करायला त्यांचा ठाम नकार, कारण शनिवार-रविवार काही बिघडलं तर जीव टांगणीला लागतो. आणि या सगळ्याच्या वर त्यांचा एकच मंत्र: "आत गेलं ते बाहेर आलं का?" कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं की बाकीचे विचारायचे, बरं आहे ना? काका विचारायचे, आत किती बोळे घातले होते, तेवढे बाहेर आले का? हसावं की रडावं कळायचं नाही.

खरं सांगायचं तर आधी मला या माणसाचा वैताग यायचा. भीती ही खरजेसारखी असते, एकाची दुसऱ्याला लागते. तीन महिन्यांत मीसुद्धा घराला कुलूप लावून परत ओढून बघायला लागले. आई म्हणाली, तुला नोकरी लागली की बाधा?

एकदा मी त्यांना विचारलं की फाटकाच्या प्रोग्राममध्ये तुम्ही इतका जड प्रकार का वापरलाय. सरळ सेट, म्हणजे आत कोण कोण आहे एवढीच यादी, वापरला असता तर काम अर्ध्यात झालं असतं. ते नेमके तेव्हा स्कूटर दुरुस्तीला टाकून आले होते आणि मेकॅनिकने काढलेले नट त्यांनी आपल्याच रुमालात बांधून घेतले होते, हरवतील म्हणून. त्यांनी रुमाल टेबलावर सोडला. सगळे नट एकसारखे, काळे, तेलकट.

"हा समज सेट," ते म्हणाले. "सेटला विचारलं, नट आहे का? तो म्हणणार आहे. एक असला तरी आहे, आठ असले तरी आहे. तीच वस्तू परत आणली तर तो म्हणतो ही आहे माझ्याकडे, आणि सोडून देतो. आता काउंटर. त्याला कोणता नट याच्याशी घेणंदेणं नाही. तो फक्त किती ते लक्षात ठेवतो. आणला की एक चढवतो, नेला की एक उतरवतो. बाय, चाक कशाने निखळतं? नट नसल्याने नाही. एक कमी असल्याने."

एवढं बोलून त्यांनी नट परत मोजले आणि रुमालाला दोन गाठी मारल्या.

ऑफिसची सहल दिवेआगरला गेली तेव्हा मला या भीतीचा तळ दिसला. वादळात झोडपलेल्या एका वाडीत आम्ही उतरलो होतो. मोडक्या सुपाऱ्यांच्या मध्येमध्ये नवी रोपं लावलेली, पलीकडे समुद्र. पोरं पाण्यात उतरली आणि काका किनाऱ्यावर उन्हात उभे. बसत नव्हते, टोपी घालत नव्हते, नारळपाणी आणून दिलं ते हातात तसंच. कुणाला तरी हुक्की आली. एक जण गुपचूप पाण्यातून बाहेर पडला आणि वाडीत नारळामागे जाऊन बसला, काकांची गंमत करायला.

गंमत झाली नाही. काकांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. मग त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. नुसता हात वर करून ते पाण्याकडे धावत सुटले, बुटांसकट, कंबरेएवढ्या पाण्यात. ज्याला साधं डबकं ओलांडायचा धीर नव्हता तो माणूस. आम्ही ओढून बाहेर काढलं तेव्हा त्यांचे दात वाजत होते. लपलेला गडी समोर येऊन उभा राहिला, हात जोडले, तरी ते त्याच्या दंडाला धरून चाचपत राहिले. त्या दिवशी परत कोणी पाण्यात गेलं नाही.

संध्याकाळी पडवीत माझ्याजवळ बसून त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील होडीवर जायचे. होडीवर चप्पल घालून चढायचं नाही अशी रीत, म्हणून माणसं वाळूत, एका उपड्या जुन्या होडीच्या आडोशाला चपला काढून ठेवायची. सगळ्यांच्या सारख्याच, निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला, आठवड्याच्या बाजारातून आणलेल्या. आल्यावर ज्याच्या पायाला जी लागेल ती घालून तो घरी. एका भर दुपारी वारा फिरला आणि होड्या जशा जमतील तशा, पुढेमागे परत आल्या. पावसाची झड, बायकांची रडारड, माणसं मिळतील त्या चपला घालून घराकडे पळाली. नाखवा म्हणाला, सगळे आले, मी प्रत्येक होडी बघितली. काकांची आई त्या उपड्या होडीपाशी उभी. वाळूत चपलांचा एक जोड उरलेला.

"आई म्हणत होती, एक जोड राहिलाय, म्हणजे एक माणूस राहिलाय," काका म्हणाले. "लोक म्हणाले, घाईत कोणीतरी अनवाणी गेला असेल. बाबा दुसऱ्या होडीतून उतरून बाजाराकडे गेले असतील. सगळे आले सांगितलंय ना? मग घरी जा. आणि तिला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी होड्या शोधायला गेल्या, तोवर काय."

 त्यानंतर मी त्यांना भित्रा म्हटलं नाही.

दोन वर्षांनी यार्डात कारखानीस साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हुशार होता, आणि हुशार माणसाला जुनं काही दिसलं की हात शिवशिवतात. त्यांनी फाटकाची सगळी नोंद तपासली आणि बोट ठेवलं. तेच कार्ड आत जाताना दोनदा, लागोपाठ लागलेलं. एकदा नाही, रोज. हे डुप्लिकेट आहेत, कचरा आहे, म्हणाले. एका माणसाचं कार्ड एकदाच आत जाऊ शकतं. त्यांनी स्वतः बसून सेट वापरून नवीन प्रोग्राम लिहिला. दिसायला सुरेख होता, नाव ठेवायला जागा नव्हती. आत कोण आहे ते मोठ्या हिरव्या आकड्यात दिसायचं.

काकांची झोप उडाली. ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलेच नाहीत, सरळ फाटकावर जाऊन धर्मा वॉचमनच्या स्टुलावर बसले. आणि तिथे त्यांना कळलं की त्या लागोपाठच्या नोंदी कसल्या आहेत. आमच्याकडे ट्रेलरवाले बहुतेक आसपासच्या गावचे. ड्रायव्हरकडे कार्ड असतं, क्लीनरकडे नसतं, कारण त्याचे कागद, फोटो, पोलीस दाखला करता करता नाकी नऊ येतात. मग ड्रायव्हर आपल्याच कार्डावर त्याला आत घेतो. धर्मा त्यांच्याच गावचा, तो अडवणार कसा? पण धर्माला स्वतःच्या मनाची टोचणी, म्हणून त्याने आपली एक रीत पाडली होती. आत जाणारी माणसं दोन, तर कार्ड दोनदा टेकवायचं. बाहेर येताना जेवढी येतील तेवढ्यांदा टेकवायचं. कोणी सांगितलं नव्हतं. साहेब ज्याला कचरा म्हणत होते ती माणसं होती.

त्यातला एक जनार्दन. त्याचा क्लीनर म्हणजे त्याचा म्हातारा बाप, बाळाराम. उभी हयात मिठागरात काढलेली, पायाच्या टाचा मिठाने फुटलेल्या, कानाने ठार बहिरा. मिठागर गेलं, घरात दुसरं कोणी नाही. त्या वयाच्या माणसाला पास मिळत नाही, म्हणून पोरगा त्याला रोज गाडीत घेऊन यायचा. धर्मा काकांना म्हणाला, "म्हातारा घरी एकला काय करल? गाडीत बसतो, निजतो. कोनाला तरास न्हाय."

काकांनी हे साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी ताबडतोब हुकूम काढला, एका कार्डावर एकच माणूस. झालं, त्यांच्या मते प्रश्न मिटला. नियम झाला म्हणजे दोनदा टेकवणं बंद, म्हणजे सेट बरोबर. धर्माने आठवडाभर हुकूम पाळला आणि मग परत बाळारामला बघून त्याचा हात दोनदा टेकला. काकांना हे ठाऊक होतं. त्यांनी आपला जुना प्रोग्राम बंद केला नाही. आपल्या टेबलाखालच्या जुनाट कॉम्प्युटरवर तो तसाच चालू ठेवला. साहेब जाता-येता हसायचे, काय काका, म्युझियम उघडलंत का? काका कसनुसं हसायचे आणि घाम पुसायचे.

तो दिवस मी विसरणार नाही. जेवणं उरकली होती. आधी वास आला, नाकात झोंबणारा, मग डोळ्यांतून पाणी. मागच्या रांगेत एका कंटेनरमधून पांढरं काहीतरी जमिनीलगत सरपटत येत होतं. भोंगा वाजला. ओढणी नाकाला लावून मी धावले, सगळ्यांसारखं फाटकावर कार्ड टेकवून. रस्त्यापलीकडे झेंड्याच्या खांबापाशी सगळ्यांनी जमायचं असं ठरलेलं होतं. तिथे पोचून वळून बघते तर काका नाहीत.

 एवढा भेदरट माणूस, सगळ्यात आधी बाहेर असायला हवा होता. मग ते दिसले. फाटकातून अडखळत, खोकत, धावत येत होते. कार्ड टेकवायला थांबले नाहीत, फाटक उघडंच होतं. हातात मोबाइल. त्यांनी आपल्या जुन्या स्क्रीनचा फोटो काढून आणला होता.

अग्निशमनची गाडी आली. अधिकारी उतरले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आत कोणी आहे का? साहेबांनी टॅब बघितला, समोर उभ्या काकांचं तेवढं न टेकवलेलं नाव त्यावरून काढलं आणि टॅब पुढे केला. हिरवं शून्य. अधिकारी म्हणाले, मग घाई नको. रसायन कोणतं ते कळेपर्यंत कोणी आत जाणार नाही, लांबूनच पाणी मारू.

"एक आत आहे," काका म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक होता की मलाच मोठ्याने परत सांगावं लागलं. त्यांनी फोटो दाखवला. जनार्दनचं कार्ड सकाळी दोनदा आत गेलेलं, दुपारी एकदाच बाहेर आलेलं. बाकी एक. साहेबांचा चेहरा ताणला. अहो, तो जुना प्रोग्राम आहे, दोनदा टेकवायचं आपण बंद केलंय, असं ते म्हणाले. फाटकावर दुपारपासून बदलीचा वॉचमन होता, धर्मा घरी गेला होता. बदलीवाला सांगू लागला, जनार्दन माझ्यासमोर चालत बाहेर गेला, एजंटकडून कागद आणायला, एकटाच होता. मी जनार्दनला फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली. कोणी उचलेना. धर्माला लावला तर तो बंद. मला एकदम कळलं की जनार्दनचा फोन कुठे वाजत असेल ते, गाडीच्या केबिनमध्ये, चार्जिंगला, एका बहिऱ्या माणसाच्या उशाशी. 

अधिकारी काकांसमोर उभे राहिले. "तुमची खात्री आहे का? आत गॅस आहे. मी माझी माणसं संशयावर पाठवू शकत नाही."

"खात्री नाही साहेब," काका म्हणाले.  "भीती आहे. चुकलो तर तुमच्या माणसांचं पाप माझ्या डोक्यावर, हेही कळतंय मला. पण मागे एकदा असाच एक उरला होता, आणि सगळे आले म्हणून लोक घरी गेले. त्यांची खात्री होती."

 अधिकाऱ्यांनी वळून दोघांना मुखवटे चढवायला सांगितलं.

ते दोघं त्या पांढऱ्यात शिरले आणि दिसेनासे झाले. काकांनी उजवा हात छातीशी धरला, तीन बोटं मिटलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, ते दोघं कार्ड न टेकवता गेलेत, त्यांना कोण मोजणार? आत आता तीन. मला त्या क्षणी रडू फुटलं. कारण मलाही तेच वाटत होतं, की आपण दोन धडधाकट माणसं आत लोटली, आणि तिसरा आहे की नाही ते देवाला ठाऊक.

किती वेळ गेला सांगता येणार नाही.  साहेब टॅब छातीशी धरून उभे होते, त्यांचेही ओठ हलत होते. मग धुरातून एक जण आला. एकटा. काकांचं एक बोट उघडलं, पण चेहरा पांढराफटक पडला. पहिला हातवारे करून पाण्याचा मारा दुसऱ्या बाजूला वळवायला सांगत होता. काका पुटपुटले, दोन आत, दोन आत. आणि त्याच्यामागून दुसरा आला, खांद्यावर पोत्यासारखा म्हातारा टाकून. काकांनी दोन्ही बोटं एकदम उघडली आणि ते मटकन खाली बसले.

बाळाराम जिवंत होता. धूळ नको म्हणून केबिनच्या काचा घट्ट लावून झोपला होता, त्याच काचांनी त्याला वाचवलं असं डॉक्टर नंतर म्हणाले. डोळे सुजलेले, छाती भात्यासारखी वाजत होती, पण शुद्ध होती. रुग्णवाहिकेत चढवताना तो कुरकुरत होता की विडीचं बंडल गाडीतच राहिलं. जनार्दन कागद घेऊन चालत आला तेव्हा त्याला काही सांगायचीही गरज पडली नाही. बापाचे उघडे पाय स्ट्रेचरवर दिसले आणि तो रस्त्यातच बसला.

काकांचं कौतुक करायला माणसं गेली तर ते खांबामागे ओकत होते. पुढचा आठवडा तापाने अंथरुणात. शौर्यबिर्य काही नाही, उलट परत आले ते आणखीच घाबरट होऊन. साहेबांनी मात्र आपला प्रोग्राम काढला, काकांचा परत चढवला, आणि बाळारामच्या पाससाठी स्वतः चार ठिकाणी खेटे घातले.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. त्यांनी कार्ड टेकवलं, धर्माच्या हातात दिलं, आणि मी सहज स्क्रीनकडे बघितलं. मोकल, बाकी एक. आता तर त्यांनी माझ्यासमोर कार्ड टेकवलं होतं. मग डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी ते न टेकवता धावत बाहेर आले होते. तेव्हापासून रोज एक चढत होता, एक उतरत होता, बाळारामचा एक धर्माने दुसऱ्याच दिवशी जनार्दनच्या कार्डावर उतरवला होता, पण काकांचा त्या दिवसाचा एक तसाच आत उरला होता. ज्याने हे सगळं लिहिलं त्याच्या नजरेतून हे सुटलं असेल, शक्यच नाही.

मी म्हटलं, काका, थांबा, तुमचा एक राहिलाय, पुसून टाकते.

"पुसू नको बाय," ते म्हणाले. "मला माहीत आहे. मुद्दाम ठेवलाय. शून्य दिसलं की लोक घरी जातात. एक दिसला की बघायला जातात."

समोर पेणची एसटी लागली. ते चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, यार्डाकडे बघत होते, आणि ओठ हलत होते. तेच मला त्यांचं शेवटचं दिसलेलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी यार्ड बंद करायच्या वेळी स्क्रीनवर एक उरतो. नवीन पोरं म्हणतात, तो काय, मोकलकाकांचा आहे. धर्मा ऐकत नाही. "काकांचाच हाय म्हनून सोडला, आनि त्यो दुसराच कोनी निंगाला तर?" म्हणतो, आणि काठी घेऊन रांगारांगांतून हाका मारत फिरून येतो.

काल धर्मा रजेवर होता. मी पर्स खांद्याला लावली, बाहेर पडले, फाटकाशी कार्ड टेकवलं आणि स्क्रीन बघितली. बाकी एक. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला थांबायला सांगितलं आणि आत गेले. कोण आहे का आत, कोण आहे का, असं ओरडत, शेवटच्या रांगेपर्यंत. कोणी ओ दिली नाही. तरी मी प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये डोकावून बघितलं.